अकरावीला गणित घेताना : अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि बारावीनंतरचे प्रवेश

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत महाविद्यालयाच्या नावाची आणि गेल्या वर्षीच्या कटऑफची चर्चा सुरू होते. विषय कोणते घ्यायचे हा प्रश्न त्यामानाने मागे पडतो. गणिताच्या बाबतीत ही दिरंगाई महागात पडू शकते, कारण बारावीनंतरच्या अनेक अभ्यासक्रमांच्या पात्रतेत गणित ही पहिलीच अट असते आणि ती पूर्ण करण्याची संधी मुख्यतः अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मिळते. ज्या विद्यार्थ्याला गणित मनापासून आवडते आणि त्यातच पुढे शिकायचे आहे, त्याच्यासाठी व त्याच्या पालकांसाठी ही माहिती येथे दिली आहे.

अकरावीचा अर्ज

अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे ही पद्धत पूर्वीपासून होती. २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दहावीचे गुण आणि आरक्षणाचा तपशील भरायचा असतो, तर दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतिक्रम द्यायचे असतात. दहावीची गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनाच लागतो. जातीचे प्रमाणपत्र आणि इतर दाखले प्रवर्गानुसार लागतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या केंद्रीय अर्जात विद्यार्थी महाविद्यालय आणि शाखा निवडतो. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित, जीवशास्त्र की दोन्ही, हे प्रवेश निश्चित करताना महाविद्यालयाच्या स्वतःच्या अर्जावर ठरते. त्या दिवशी खिडकीसमोर घाईत विषयांच्या रकान्यात खूण करण्यापेक्षा संबंधित महाविद्यालयात गणिताच्या तुकड्या किती आहेत आणि कोणते विषय एकत्र घेता येतात, हे पसंतिक्रम भरण्यापूर्वीच विचारून घेणे योग्य. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय घेणाऱ्यांना साधारणपणे जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सोडावी लागते. त्यामुळे गणित व जीवशास्त्र अशी ‘दोन्ही दारे उघडी ठेवू’ असे ठरवलेल्या विद्यार्थ्याने या विषयाचा विचार वेगळा करावा.

कोणते गणित?

राज्य मंडळाच्या बारावीत ‘गणित व संख्याशास्त्र’ याच नावाचे दोन विषय आहेत. कला व विज्ञान शाखांसाठीच्या विषयाचा सांकेतांक ४०, तर वाणिज्य शाखेसाठीच्या विषयाचा ८८. नाव सारखे असले तरी आशय बराच वेगळा आहे. पहिल्यात त्रिकोणमिती, सदिश, रेषा व प्रतल, विकलन, संकलन आणि विकलक समीकरणे यांवर भर असतो. दुसऱ्यात कमिशन, विमा व वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी असे व्यवहारोपयोगी घटक येतात. दोन्हींचे मूल्य आहे, पण विज्ञान वा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षा पहिल्या आशयावर बेतलेल्या असतात.

केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दोनदा येतो. दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे गणिताचे दोन स्तर आहेत, तर अकरावी-बारावीला ‘मॅथेमॅटिक्स’ (सांकेतांक ०४१) आणि ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ (सांकेतांक २४१) यांतून एकच निवडता येतो. गणित, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने ०४१ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अप्लाइड’ घ्यायचेच असेल, तर ज्या संस्थेत पुढे जायचे आहे तिच्या माहितीपुस्तिकेत ते मान्य असल्याची खात्री आधी करून घ्यावी.

शाळेत असतानाची ऑलिंपियाड

गणिताची खरी गोडी असलेल्या विद्यार्थ्याने बारावीची वाट पाहू नये. गणित ऑलिंपियाडचा पहिला टप्पा, म्हणजे आयओक्यूएम, आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. वर्गाबरोबर जन्मतारखेचीही अट असते आणि ती दरवर्षीच्या सूचनेत दिलेली असते. परीक्षा साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, आणि प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधील पूर्णांक, असे तिचे स्वरूप आहे. पुढे विभागीय परीक्षा आणि त्यानंतर जानेवारीच्या सुमारास राष्ट्रीय परीक्षा होते. या दोन्हींत सहा-सहा प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर पूर्ण सिद्धतेसह लिहावे लागते. राष्ट्रीय परीक्षेतून निवडलेल्यांचे प्रशिक्षण शिबिर होते आणि त्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी सहा जणांचा संघ ठरतो.

नोंदणीची मुदत पावसाळ्यातच संपते, म्हणजे अकरावीच्या प्रवेशफेऱ्या चालू असतानाच. नव्या महाविद्यालयाचे ओळखपत्र हाती नसते, जुनी शाळा सुटलेली असते, आणि तारीख निघून जाते. म्हणून प्रवेश निश्चित होताच बोनाफाईड प्रमाणपत्र काढून घ्यावे आणि जन्मदाखला तयार ठेवावा. पुण्याच्या विद्यार्थ्यांना एक मोठी सोय गावातच आहे. प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था एरंडवण्यात, लॉ कॉलेज रस्त्यालगत दामले पथावर आहे, आणि ऑलिंपियाडचे मार्गदर्शन तेथे अनेक वर्षे होत आले आहे.

बारावीनंतर

अभियांत्रिकीचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. राज्यातील प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य आहेत आणि पात्रतेच्या विषयांत किमान ४५ टक्के, तर महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण लागतात. राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेतही ९०० पैकी ३०० गुण गणिताला आहेत, आणि हवाई दल व नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते.

ज्याला गणितच शिकायचे आहे त्याच्यासाठीचे मार्ग मात्र फारसे सांगितले जात नाहीत. पाषाणच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) या संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी व पदव्युत्तर पदवीचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. बारावीला ६० टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के) ही अट आहे, आणि प्रवेश आयसरच्या स्वतःच्या अभिरुची चाचणीतून होतो. या चाचणीत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्यालाही ही चाचणी देता येते. मात्र त्या १५ प्रश्नांचा विचार करून तयारी करावी लागते.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे बी.स्टॅट. (संख्याशास्त्राची पदवी) कोलकात्याला आणि बी.मॅथ. (गणिताची पदवी) बेंगळुरूला आहे. पात्रता साधी आहे: बारावीला गणित व इंग्रजी. परीक्षा मात्र कसोटी पाहणारी आहे. आजवरच्या पद्धतीत सकाळी ३० बहुपर्यायी प्रश्न आणि दुपारी आठ लेखी प्रश्न असतात, आणि या लेखी प्रश्नांतच बहुतेकांची गाडी अडते. सीईटीची तयारी वेगाने अचूक पर्याय शोधायला शिकवते. या लेखी प्रश्नांत पर्याय नसतो, विधान का खरे आहे हे एकेक पायरी लिहून दाखवावे लागते. हा सराव दोन महिन्यांत होत नाही. ऑलिंपियाडचे जुने प्रश्न वहीत पूर्ण वाक्यांत सोडवून ते कोणा जाणत्या शिक्षकाकडून तपासून घेणे, हीच मला यासाठीची उत्तम तयारी वाटते, मग त्या स्पर्धेत निवड होवो वा न होवो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित व संगणकशास्त्राची पदवीही याच वाटेवरची आहे, आणि तिच्या परीक्षेतही सिद्धता लिहाव्या लागतात.

पुणे सोडायचे नसेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत गणिताची बी.एस्सी. करता येते. हा पर्याय कमी प्रतीचा मानण्याचे काहीच कारण नाही. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, ठरलेले रँग्लर परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असत; ती परंपरा याच शहराची आहे.

दाखले : जेथे अर्ज अडतात

राज्याच्या आणि केंद्राच्या संस्थांना लागणारे दाखले एकसारखे नसतात, हे पालकांच्या उशिरा लक्षात येते. राज्याच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागते. अधिवास प्रमाणपत्राखेरीज बाकीची कोणाला लागतात ते प्रवर्गावर ठरते. जात वैधतेचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून बारावी सुरू होताच तो दाखल करावा. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसी व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखले केंद्राच्या नमुन्यातच असावे लागतात आणि साधारणपणे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले मागितले जातात. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग तेथे लागू होत नाही. अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी आणि आधारशी तंतोतंत जुळते का, तेही पाहून ठेवावे. दुरुस्तीसाठी दहावीनंतरची सुटी हा सर्वांत सोयीचा काळ असतो.

गणित राहून गेले असेल तर

अकरावीला गणित सोडले आणि काही आठवड्यांत पश्चात्ताप झाला, तर विषयबदलासाठी महाविद्यालयाकडे लगेच लेखी अर्ज करावा. पहिले सत्र सरत जाते तसा हा बदल अवघड होतो. गणिताशिवाय बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्य मंडळाच्या परीक्षेत ‘तुरळक विषय’, म्हणजे फक्त तेवढाच सुटा विषय, घेऊन बसण्याची सोय आहे. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत मंडळाच्या मुदतीत परीक्षा अर्ज भरावा लागतो. अशा प्रकारे स्वतंत्रपणे उत्तीर्ण झालेला विषय आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाला चालतो का, हे अर्ज भरण्यापूर्वी त्या संस्थेच्या प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर मागवून निश्चित करावे, आणि ते उत्तर प्रवेशाच्या कागदपत्रांतच जपून ठेवावे.