न वितळता वाहणारा दगड

भूगोलाच्या पुस्तकातलं पृथ्वीच्या पोटाचं चित्र आठवतं? वर पातळ कवच, खाली लालभडक प्रावरण. पायाखाली लाव्हारसाचा समुद्र आहे, हा समज तिथेच घट्ट बसतो. पण भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि प्रावरणातून मात्र त्या थेट २९०० किलोमीटर खोलीपर्यंत पोचतात. म्हणजे प्रावरण घन आहे. तरीही ते वाहतं!

लोहाराच्या भट्टीतला लाल कोयता वितळलेला नसतो, तरी घणाखाली पसरतो. खडकाचंही तसंच. १९६७चा कोयनेचा भूकंप उथळ, थंड खडकात झाला. तिथे ताण असह्य झाला की खडक तुटतो. खोल गेलं की तापमान वाढतं, आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला गारगोटीचे स्फटिक तुटण्याऐवजी सावकाश आकार बदलू लागतात. प्रावरणातल्या ऑलिव्हिन या खनिजाला याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते.

न तुटता आकार बदलतो कसा? अणूंचा अख्खा थर शेजारच्या थरावरून एकदम सरकवायला प्रचंड बळ लागेल. पण जड सतरंजी तरी आपण कुठे एकदम ओढतो? एका कडेला सुरकुती पाडायची आणि पायाने पुढे रेटत न्यायची. ती पलीकडे निघाली की सतरंजी तेवढी सरकलेली असते. स्फटिकातली सुरकुती म्हणजे अणूंचा मध्येच संपलेला अर्धवट थर. याला डिसलोकेशन म्हणतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी १९३४ साली स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. थराच्या कडेचे बंध सुटतात, पुढच्या अणूंशी जुळतात, सुरकुती एक घर सरकते. वाटेत अडथळा आला तर ती अडकते. मग उष्णतेने अणू स्फटिकातल्या रिकाम्या जागांत उड्या मारतात, थराची कड झिजते, सुरकुती वरच्या पातळीवर चढते आणि सुटते. या उड्यांचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, म्हणून शंभर अंशांच्या फरकाने प्रवाह कित्येक पटींनी बदलतो.

स्कँडिनेव्हियात हे मोजता येतं. हिमयुगात तिथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि त्याच्या भाराने खालचं प्रावरण बाजूला सरकलं होतं. बर्फ वितळून दहा हजार वर्षं होत आली, तरी ते अजून परत येतंय आणि वरची जमीन उचलली जातेय. या उठावावरून शास्त्रज्ञ नॉर्मन हॅस्केल यांनी १९३५ साली प्रावरणाचा दाटपणा (म्हणजे वाहायला होणारा विरोध) काढला: मधाच्या साधारण १०²⁰ पट. बॉथनियाच्या आखाताचा उत्तरेकडचा किनारा आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येतो.