पडद्यावर उमटले, पण पोचले नाही

सर्व्हरवर रात्रभर चालणारे काम टीमक्समध्ये (आपण निघून गेलो तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावून सेशन डिटॅच केले आहे, म्हणजे ते चालू ठेवून आपण बाहेर पडलो आहोत. आता त्यातल्या प्रोग्रॅमला चार ओळी द्यायच्या आहेत, पण हाताने टाइप करून नव्हे, दुसऱ्या स्क्रिप्टमधून पाइपने, म्हणजे एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटला जोडून. पहिल्यांदा हे करणारा बहुतेक वेळा एकच युक्ती लढवतो. त्या सेशनच्या टर्मिनलची फाइल शोधायची, समजा ती /डेव्ह/पीटीएस/३ निघाली, आणि मजकूर छापणारी 'एको' कमांड वापरून 'एलएस' (फायलींची यादी मागणारी कमांड) हा शब्द तिच्यात ढकलायचा. सेशन उघडून पाहिले तर 'एलएस' अगदी टाइप केल्यासारखा समोर दिसतो. एंटर दाबले की मात्र नुसता नवा प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट पाहणारी खूण, येतो. फायलींची यादी काही येत नाही.

कारण टर्मिनल ही फाइल दिसत असली तरी ती दोन टोकांची नळी आहे. एक टोक प्रोग्रॅमच्या हातात असते, तेच पीटीएस/३. दुसरे टोक टीमक्सच्या सर्व्हर प्रोसेसकडे असते (यापुढे 'सर्व्हर' म्हणजे हीच प्रोसेस). प्रोग्रॅमच्या टोकाला जे लिहावे ते सर्व्हरकडे जाऊन पडद्यावर उमटते. सर्व्हरच्या टोकाला जे लिहावे ते प्रोग्रॅमला कीबोर्डवरून आल्यासारखे मिळते. पीटीएस/३ मध्ये बाहेरून लिहिणे म्हणजे प्रोग्रॅमच्या तोंडाने बोलणे. त्याच्या कानावर त्यातले काहीच पडत नाही.

म्हणून मजकूर सर्व्हरच्याच हाती द्यावा लागतो. सेशन डिटॅच आहे की नाही याने इथे फरक पडत नाही. डिटॅच झाल्यावर जातो तो फक्त क्लायंट, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरची खिडकी. सर्व्हर आणि त्याच्याकडचे टोक जागेवरच राहते. (टर्मिनलच्या रांगेत खोटी अक्षरे घुसवणारी टीआयओसीएसटीआय नावाची जुनी पळवाट युनिक्सात आहे. तिचा गैरवापर इतका झाला की लिनक्स ६.२ पासून ती बंद ठेवण्याची सोय कर्नलमध्येच आली. तिच्या नादी लागू नये.)

एखादीच ओळ पाठवायची असेल तर 'सेंड-कीज' पुरते. 'टीमक्स सेंड-कीज -टी काम:०.०' असे लिहून ठिकाण सांगायचे: 'काम' हे सेशन, त्यातली शून्य क्रमांकाची विंडो, तिच्यातला शून्य क्रमांकाचा पेन, म्हणजे विंडोचा एक कप्पा. त्यापुढे अवतरणात मजकूर आणि अवतरणाबाहेर, वेगळा शब्द म्हणून, 'एंटर'. तो विसरला तर ओळ प्रॉम्प्टवर तशीच लटकते. तो अवतरणाच्या आत गेला तर त्याची अक्षरे टाइप होतात. उलटी गफलतही होते: पाठवायचा मजकूरच नेमका 'स्पेस' किंवा 'एंटर' असला तर टीमक्स त्याला कळीचे नाव समजतो. मजकूर स्क्रिप्टमधून येणार असेल तर '-एल' लावावा, म्हणजे सगळे अक्षरशः जाते. एंटरसाठी मग दुसऱ्यांदा, '-एल' न लावता 'सेंड-कीज' चालवायचे.

पण 'सेंड-कीज' पाइपमधून काही वाचत नाही. खऱ्या पाइपसाठी 'लोड-बफर' आहे. त्याला फायलीच्या नावाऐवजी नुसते '-' दिले की तो पाइपमधून आलेले सगळे टीमक्सच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, भरतो. मग 'पेस्ट-बफर' ते हव्या त्या पेनमध्ये ओततो. दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालत असतील तर '-बी' देऊन बफरला नाव द्यावे, नाहीतर एकीचा मजकूर दुसरीच्या सेशनमध्ये जाऊन पडतो.

इथे एक बारकी गोष्ट पाहण्यासारखी आहे. फायलीतली ओळ संपते ती १० क्रमांकाच्या अक्षराने, पण कीबोर्डवरची एंटर कळ पाठवते १३ क्रमांकाचे. 'पेस्ट-बफर' हा बदल आपणहून करतो. '-आर' लावला तर करत नाही. साधा प्रोग्रॅम दोन्ही चालवून घेतो, पण कळी स्वतः वाचणाऱ्या एडिटरला ही दोन वेगळी अक्षरे आहेत. '-पी' लावला, म्हणजे 'हा पेस्ट केलेला मजकूर आहे' अशी खूण सोबत पाठवली, तर आणखी वेगळेच घडते. बॅश या शेलमध्ये (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ५.१ पासून पेस्ट केलेला मजकूर मुळात वेगळा ओळखला जातो, त्यामुळे सगळ्या ओळी प्रॉम्प्टवर एकगठ्ठा बसतात आणि वेगळा एंटर मिळेपर्यंत एकही चालत नाही.

टीमक्ससारख्याच, १९८७ पासूनच्या 'स्क्रीन' नावाच्या प्रोग्रॅममध्ये याच कामाला '-एक्स स्टफ' आहे. एंटर तोही स्वतःहून जोडत नाही, शेवटी '^एम' द्यावा लागतो. सेशन सुरुवातीपासूनच डिटॅच असेल आणि एकदाही उघडलेले नसेल तर '-पी ०' देऊन विंडो सांगावी लागते. ते राहिले की कमांड मुकाट्याने हवेत विरते. मोठ्या मजकुराला 'रीडबफ' आणि 'पेस्ट' बरे.

मार्ग कोणताही घ्या, पोचतात त्या कळी. फाइल पोचत नाही. मजकुरात ३ क्रमांकाचे अक्षर आले तर ते कंट्रोल-सी ठरते आणि काम तुटते. ४ आले तर 'इनपुट संपले'. टॅब आला की शेल नाव पुरे करायला धावतो. साध्या ओळवार वाचनात लिनक्स एका ओळीत ४०९६ बाइटपलीकडचे सरळ टाकून देते, चूकही दाखवत नाही. बायनरी फाइल पाठवायचीच असेल तर आधी बेस६४ मध्ये, म्हणजे फक्त साध्या अक्षरांच्या रूपात, बदलावी; तिच्या ओळी मुळात ७६ अक्षरांच्याच असतात.

वेळेचाही घोळ होतो. शेल तयार होण्याआधी पाठवलेल्या कळी बहुधा रांगेत थांबतात, पण पासवर्ड विचारणारे प्रोग्रॅम प्रश्न दाखवताना आधीची रांग मुद्दाम पुसतात. अंदाजाने दोन सेकंद थांबण्यापेक्षा 'कॅप्चर-पेन -पी' ने पडदा वाचावा, प्रॉम्प्ट दिसला की मगच पाठवावे.

प्रोग्रॅम आपल्याच हातचा असेल आणि त्याला नुसत्या ओळीच वाचायच्या असतील तर या कळींच्या खेळात पडूच नये. 'एमकेफिफो' ने नावाची पाइप बनवावी आणि सेशनमधला प्रोग्रॅम तिच्यावरून इनपुट घेईल असा सुरू करावा. शेवटचा लिहिणारा निघून गेला की वाचणाऱ्याला 'संपले' असे कळते आणि तो पहिल्याच ओळीनंतर बंद पडतो. म्हणून 'स्लीप इन्फिनिटी'सारखी एक प्रोसेस पाइपचे लिहिण्याचे टोक उघडे धरून बसवावी. लिनक्सवर ४०९६ बाइटपर्यंतचे एक लेखन अखंड जाते, म्हणजे दोघांनी एकदम लिहिले तरी ओळी एकमेकींत घुसत नाहीत.

क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) किंवा सुडोमधून (दुसऱ्या वापरकर्त्याच्या, बहुधा रूट या मुख्य वापरकर्त्याच्या, नावाने कमांड चालवणे) पाठवताना 'सर्व्हर चालू नाही' असे उत्तर आले तर आधी वापरकर्ता तपासावा. टीमक्सचे सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याची फाइल, /टीएमपी खाली प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रमांकाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते, आणि रूट शोधतो ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरात. पासवर्ड 'सेंड-कीज' ने तर कधीच पाठवू नये, तो चालत्या प्रोसेसच्या यादीत इतरांना दिसू शकतो. 'लोड-बफर' मध्ये ती अडचण नाही, पण मजकूर बफरात पडून राहतो. पेस्ट करताना '-डी' लावला की तोही जातो.