ग्रीसला बेलआउट मिळालं, कर्जमाफी नव्हे

कर्जात बुडालेल्या ग्रीसचा विषय निघाला की युरोपने त्यांना एवढे पैसे दिले, तरी त्यांची रड काही थांबली नाही, असं हमखास ऐकायला मिळतं. असं म्हणणाऱ्याच्या मनात बेलआउट आणि कर्जमाफी यांची सरमिसळ झालेली असते. ग्रीक माणसावर त्यामुळे मोठा अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

बेलआउट म्हणजे कर्जच. जुनी देणी वेळेवर फेडता यावीत म्हणून दिलेलं नवं कर्ज. कर्जमाफीत, म्हणजे बाजार ज्याला हेअरकट म्हणतो त्यात, देणेकरी नव्हे तर सावकार आपल्या पैशावर पाणी सोडतो. बेलआउटने सावकार बदलतो, बोजा तसाच राहतो. हेअरकटने बोजाच उतरतो. गावच्या सोसायटीत मार्चअखेर पीककर्ज 'नवं-जुनं' करतात, बेलआउट त्यातलाच प्रकार. खातं थकीत दिसत नाही, पण देणं जिथल्या तिथे असतं.

मे 2010 मध्ये ग्रीसला पहिलं पॅकेज मंजूर झालं ते 110 अब्ज युरोंचं. त्यातले 80 अब्ज युरोझोनमधल्या, म्हणजे युरो हे चलन वापरणाऱ्या देशांचे आणि 30 अब्ज आयएमएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. सगळं कर्ज. आणि कर्ज म्हटलं की वसुलीची हमी आली, हमीसोबत अटी आल्या. काटकसर या पॅकेजला चिकटून आली ती अशी. व्हॅट 19 टक्क्यांवरून 23 वर गेला, पेन्शनला एकामागून एक कात्री लागली. 2012 मध्ये किमान वेतन महिना 751 युरोंवरून 586 वर आणलं गेलं. पंचविशीच्या आतल्यांसाठी ते आणखी खाली. 2013 मध्ये अर्थमंत्रालयाच्या कचेऱ्यांत झाडलोट करणाऱ्या 595 बायकांना कामावरून काढलं. त्या महिनोन्‌महिने मंत्रालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या. त्यांच्या हातातले लाल रबरी मोजे हीच त्या आंदोलनाची खूण झाली. 2015 मध्ये सरकार बदलल्यावर त्यांना कामावर परत घेतलं गेलं.

मग एवढे पैसे गेले कुठे? बर्लिनच्या ईएसएमटी या संस्थेने 2016 मध्ये पहिल्या दोन पॅकेजांचा हिशेब मांडला. 215.9 अब्ज युरोंपैकी सरकारी खर्चासाठी जेमतेम 9.7 अब्ज पोचले होते. बाकी रक्कम जुनी कर्जं, त्यांचं व्याज आणि बँकांना सावरणं यांत गेली. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. मे 2010 मध्ये आयएमएफच्या संचालक मंडळात भारताचे प्रतिनिधी अरविंद विरमानी यांनी बजावलं होतं, की एवढी कपात या अर्थव्यवस्थेला झेपणार नाही, किमती, रोजगार आणि करवसुली एकाच वेळी घसरत जातील. ब्राझीलच्या प्रतिनिधीने तर ही ग्रीसची नव्हे, त्याला कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांची सुटका असल्याचं स्पष्ट म्हटलं. पुढे अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली आणि 2013 मध्ये बेरोजगारी 27 टक्क्यांवर गेली.

इथे सामायिक चलनाचा मुद्दा येतो. 1991 मध्ये भारतानेही आयएमएफचं कर्ज घेतलं, अटी मान्य केल्या. पण जुलैत रुपयाचं अवमूल्यन करून निर्यातीला हात देता आला. ग्रीसच्या हातात युरोची किंमत नव्हती. चलन उतरवता येत नाही म्हणून मग पगार उतरवायचे.

खरा हेअरकट झाला मार्च 2012 मध्ये. ग्रीक सरकारला रोख्यांतून कर्ज देणाऱ्या खाजगी रोखेधारकांनी दर्शनी किमतीच्या 53.5 टक्के रकमेवर पाणी सोडलं, साधारण 107 अब्ज युरो कमी झाले. आकडा मोठा आहे, पण वेळ चुकली होती. दोन वर्षांत बाहेरच्या बँकांनी बरेच रोखे हातावेगळे केले होते. युरोपियन सेंट्रल बँकेकडचे रोखे यातून वगळले गेले. घाव बसला तो ग्रीसच्याच बँकांवर आणि पेन्शन फंडांवर, आणि त्या बँका उभ्या करायला पुन्हा कर्ज काढावं लागलं. हेच 2010 मध्ये झालं असतं तर काटकसर इतकी क्रूर करावी लागली नसती, असं माझं ठाम मत आहे. कर्जफेरबदलाला उशीर झाल्याची कबुली आयएमएफनेही 2013 च्या आपल्या अहवालात दिली.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी पोकळ मानत नाही. 2009 ची तूट ग्रीक सरकारने दडवलेली होती. अंतिम हिशेबात ती जीडीपीच्या 15 टक्क्यांवर निघाली. स्लोव्हाकियाच्या संसदेने 2010 मध्ये आपला वाटा द्यायला नकार दिला. आमचे पगार ग्रीकांपेक्षा कमी, आम्ही का भरायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. एकमेकांची कर्जं अंगावर घ्यायची नाहीत, असं युरोपीय संघाच्या करारातलं कलम 125 सांगतं. जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉइब्ले त्यावरच बोट ठेवून युरोत राहून कर्जमाफी नाही, असं म्हणत राहिले. पण 1953 च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं बाहेरचं कर्ज जवळजवळ निम्म्याने माफ झालं होतं, आणि सही करणाऱ्या सावकार देशांत ग्रीसही होता, हेही त्याच वादात बोललं गेलं पाहिजे.

जुलै 2015 मध्ये एटीएमवर दिवसाला 60 युरोंची मर्यादा असताना ग्रीकांनी सार्वमत दिलं. 61 टक्के लोक सावकारांच्या अटींच्या विरोधात गेले. पंतप्रधान त्सिप्रास यांच्या सरकारला हवी होती कर्जकपात. पदरात पडलं 86 अब्ज युरोंपर्यंतचं तिसरं कर्ज, नव्या अटींसकट.

हा कर्जाचा कार्यक्रम ऑगस्ट 2018 मध्ये संपला. त्या वेळी मिळाली ती सवलत बेलआउट आणि कर्जमाफी यांच्या मधली आहे: मुद्दल एक युरोनेही कमी नाही, मात्र युरोपीय मदतनिधीच्या सुमारे 96 अब्ज युरोंच्या कर्जाची मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि त्याचं व्याज 2032 पर्यंत पुढे ढकललं.