हंगामाकडून वॉचकडे : नौसैनिकाच्या ड्युटीमागचा इतिहास

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरच्या समुद्रात साजरा झाला. युद्धनौका आणि विमानांची प्रात्यक्षिकं सगळ्यांनी पाहिली. पण त्या नौकांवर रात्री बाराला कोण उठतं आणि पहाटे चारला कोण आडवं होतं, ते किनाऱ्यावरून दिसत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा याच वेळापत्रकावर जगतो. ते कुठून आलं, हे समजून घ्यायलाच हवं.

मराठा आरमाराच्या काळात खलाशाच्या कामाची वाटणी वर्षाच्या हिशेबाने होती. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं, तेव्हा आरमारात कोळी, भंडारी, गाबीत असे किनाऱ्यावरचेच लोक होते. गुराब या मोठ्या जहाजावर तोफा आणि मोठी शिडं, गलबत या लहान नौकेवर वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून नेत. हुकूम सरंग-तांडेलांचा, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यांचा. पावसाळा लागला की जहाजं खाडीत शाकारून ठेवायची आणि माणसं घरी, भातशेतीला. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्या. कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले. पुढे 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या एकत्रित मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांची जहाजं जळाली. हे दुःख कोकणाने अजून पुरतं बोलून दाखवलेलं नाही, असं मला वाटतं.

दर्यावर्दी माणसं मात्र होतीच, आणि त्यांतली पुष्कळशी मुंबईच्या इंग्रजी जहाजांवर गेली. तिथे दिवसाचेच तुकडे पाडलेले होते. अर्ध्या तासाची वाळूची घडी रिकामी झाली की ती उलटायची आणि घंटेचा एक टोला वाढवायचा. आठ टोले झाले की चार तास भरले, पाळी म्हणजेच ‘वॉच’ बदलली. चोवीस तासांत अशा सहा पाळ्या बसतात, आणि अडचण तिथेच होती. खलाशांच्या दोन तुकड्या केल्या काय किंवा तीन, सहाला दोन्हींनी भाग जातो. म्हणजे मध्यरात्रीची पाळी रोज त्याच माणसांच्या वाट्याला. म्हणून संध्याकाळच्या चार ते आठच्या पाळीचे दोन-दोन तासांचे भाग केले. त्यांना म्हणतात डॉग वॉच. पाळ्या सात झाल्या, रोज एक घर पुढे सरकू लागल्या आणि सगळ्यांना संध्याकाळचं जेवणही वेळेत मिळू लागलं. माणसाच्या झोपेचा इतका सरळ न्याय करणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

वाफेने हंगामाचं बंधन सैल केलं. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 मध्ये सुएझला गेली. वाऱ्याची वाट पाहणं संपलं, पण बॉयलरपुढे कोळसा टाकणाऱ्यांच्या पाळ्या सुरू झाल्या. पावसाळ्यात घरी यायचं ते रजेवर अवलंबून राहू लागलं.

1934 मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव आलं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिच्या नौसैनिकांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची संख्या मोठी होती. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’ या प्रशिक्षण तळावर नौसैनिकांनी जेवण नाकारलं. काही दिवसांतच सुमारे 20 हजार जण त्यात ओढले गेले. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका ही मागणी होतीच, पण तिच्या शेजारी खाण्याजोगं अन्न, गोऱ्यांइतका पगार आणि माणसासारखी वागणूकही होती. या उठावाची केवळ राजकीय गोष्ट सांगणं मला अपुरं वाटतं. जो माणूस रात्री वॉच करून सकाळी पुन्हा कामाला लागतो, त्याच्या ताटात काय पडतं हा किरकोळ प्रश्न नव्हता.

आज यंत्रं बदलली, तरी पाळ्यांची नावं बरीचशी तीच आहेत. मिडल वॉच मध्यरात्री ते पहाटे चार. बदली येणारा काही मिनिटं आधीच पोचतो, कारण ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, अंधार ठेवलेला असतो आणि डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो. उतरणारा त्याला जहाजाची दिशा, वेग, आसपासची जहाजं सांगतो; समजलं असं उत्तर आल्याशिवाय जागा सोडत नाही. मासेमारीच्या हंगामात देवगड-रत्नागिरीसमोर मच्छीमार बोटींचे दिवेच दिवे असतात. लहान लाकडी होडी रडारवर निसटू शकते, म्हणून टेहळणीवरच्या नौसैनिकाची नजर लागतेच. नाखव्याच्या घरातला मुलगा तिथे असेल, तर बोट जाळं ओढतेय की नुसती उभी आहे, हे तो लवकर ओळखतो.

वॉच उतरली म्हणजे सुट्टी, असंही नाही. दिवसा डेक धुणं, गंज ठोकून काढणं, रंग लावणं, आग विझवण्याचा सराव, आपापल्या विभागाची यंत्रं, हे सगळं पाळीच्या पलीकडचं काम. बंदरात असताना सकाळी आठला ध्वज चढतो आणि दिवस त्यापासून मोजला जातो. गणपतीची रजा सगळ्यांना एकदम देता येत नाही. जहाज चालवायला माणसं मागे राहावीच लागतात. 2022 पासून नौसैनिकांच्या भरतीत अग्निवीर म्हणून मुलींनाही प्रवेश मिळाला आहे.