ड्रायबर्गची पोरं: 'द व्ह्यू'च्या पहिल्या क्रमांकामागची गोष्ट

जानेवारी २००७मध्ये 'हॅट्स ऑफ टू द बस्कर्स' हा अल्बम बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत अव्वल ठरला. बँडचं नाव 'द व्ह्यू'. गायक काइल फॉकनर तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच्यासोबत बेसवर कीरन वेबस्टर, गिटारवर पीट राइली आणि ड्रम्सवर स्टीव्हन मॉरिसन. चौघेही स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या ड्रायबर्ग नावाच्या वस्तीतले. कौन्सिलने बांधलेली घरं, एक पब, आणि त्या पबच्या मागच्या खोलीत चालणारी तालीम. पबचं नाव 'बेव्ह्यू'. बँडचं नाव कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी ही कहाणी परीकथेसारखी छापली. गरीब वस्तीतली उनाड पोरं, एका रात्रीत प्रसिद्ध, वगैरे. वाचायला बरी वाटते, पण त्या एका रात्रीमागे निदान पंचवीस-तीस वर्षं होती. काही डंडीची, काही ग्लासगोची, आणि थोडी लंडनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या घाईची.

डंडीपासून सुरुवात करू. जेमतेम दीड लाख वस्तीचं हे शहर टे नदीच्या मुखाशी आहे. त्याचं नाव भारतीय वाचकाला भेटतं ते तागाच्या इतिहासात. बंगालमधून कच्चा ताग जहाजाने डंडीला जायचा, देवमाशाच्या तेलाने मऊ केला जायचा आणि त्याचं गोणपाट होऊन जगभर विकलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या ताग गिरण्यांत सुमारे ५०,००० माणसं राबत होती, त्यांत बाया जास्त. पण १८५५मध्ये डंडीचीच यंत्रं आणून कलकत्त्याजवळ रिश्रा इथे गिरणी उभी राहिली आणि पुढे हुगळीकाठच्या गिरण्यांनीच डंडीचा धंदा खाल्ला. डंडीतली शेवटची ताग गिरणी १९९९मध्ये बंद पडली.

मधल्या काळात शहराला तारलं ते टायमेक्सने. घड्याळं बनवणाऱ्या या कंपनीच्या डंडीतल्या कारखान्यात १९८०च्या दशकात सिंक्लेअरचे 'झेडएक्स स्पेक्ट्रम' संगणकही जोडले जायचे. १९९३च्या सुरुवातीला तिथे संप झाला, ३४३ कामगारांना एकदम काढलं गेलं, गेटवर महिनोन् महिने धुमश्चक्री चालली आणि ऑगस्टमध्ये कारखान्याला कायमचं टाळं लागलं. लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे चित्र उलगडून सांगायला नको. फॉकनर तेव्हा सहा वर्षांचा होता.

म्हणूनच 'सुपरस्टार ट्रेड्समन' हे त्यांचं गाणं ऐकताना ते नुसतं टवाळ वाटत नाही. हातात एखादं कसब घे, नीट कामाला लाग, हा अशा वस्त्यांत घरोघर मिळणारा सल्ला. गाण्यातल्या पोराला तो मंजूर नाही. माझ्या मते बँडचं सगळ्यात नेमकं गाणं हेच, 'सेम जीन्स' कितीही गाजलं तरी.

डंडीतून आधी कुणी वर आलंच नव्हतं असं नाही. 'द असोसिएट्स'चा बिली मॅकेन्झी याच शहराचा. १९८२मध्ये त्यांचं 'पार्टी फिअर्स टू' पहिल्या दहांत गेलं होतं. 'डॅनी विल्सन' या बँडचं 'मेरीज प्रेयर' १९८८मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. पण दोघांचंही संगीत कसं अगदी घासूनपुसून लखलखीत केलेलं. ते ऐकून त्यात डंडीची गल्ली सापडत नाही. ती सापडायला आधी दुसरीकडे काही घडावं लागलं.

ते घडलं ग्लासगोत. १९८०मध्ये अ‍ॅलन हॉर्न नावाच्या पोराने वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या फ्लॅटमधून 'पोस्टकार्ड रेकॉर्ड्स' हे लेबल चालवायला घेतलं. चिन्ह काय, तर ढोल बडवणारं मांजर. मोटाउन ही अमेरिकन कंपनी स्वतःला 'तरुण अमेरिकेचा आवाज' म्हणवायची, तर यांनी त्याची नक्कल करून 'तरुण स्कॉटलंडचा आवाज' असं छापलं. अर्धी थट्टा, अर्धा माज. एडविन कॉलिन्सचा 'ऑरेंज ज्यूस', एडिनबराचा 'जोसेफ के', ईस्ट किलब्राइडच्या सोळा-सतरा वर्षांच्या रॉडी फ्रेमचा 'अ‍ॅझ्टेक कॅमेरा', असे मोजकेच बँड. लेबल दीडेक वर्षात आटोपलं. ऑरेंज ज्यूस पॉलिडोरकडे गेले आणि १९८३मध्ये 'रिप इट अप'ने पहिल्या दहांत आले. पैसा मोठ्या कंपनीने कमावला, पण रेकॉर्ड काढायला आधी लंडनचं तिकीट काढावं लागत नाही ही गोष्ट तिथल्या पोरांच्या डोक्यात पक्की बसली.

ईस्ट किलब्राइडचीच आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथल्या जिम आणि विल्यम रीड या भावांच्या वडिलांची कारखान्यातली नोकरी गेली. कंपनीने हातावर ठेवलेल्या पैशांतले ३०० पौंड त्यांनी पोरांना दिले. पोरांनी त्यातून पोर्टास्टुडिओ घेतला, म्हणजे कॅसेटवर चार ट्रॅक ध्वनिमुद्रित करणारं छोटं यंत्र. त्यावर घरीच गाणी मुद्रित करून पुढे 'द जीझस अँड मेरी चेन' उभा राहिला, आणि १९८५च्या 'सायकोकँडी' या अल्बमने ब्रिटिश गिटार संगीताची चालच बदलली. नोकरी गेल्याच्या भरपाईतून बँड निघाला, हे मला स्कॉटिश इंडीच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या गिटार संगीताच्या, साऱ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं.

मग उच्चारांचा प्रश्न. रॉक गाताना अमेरिकन सूर लावायचा किंवा निदान लंडनचा, हा तेव्हाचा रिवाज. डंडीपासून टे नदीपलीकडच्या फाइफ परगण्यात ऑख्टरमक्टी नावाचं गाव आहे. तिथे वाढलेल्या क्रेग आणि चार्ली रीड या जुळ्या भावांनी ('मेरी चेन'च्या रीड बंधूंशी यांचं नातं नाही) 'द प्रोक्लेमर्स' नावाने १९८७मध्ये तो रिवाज मोडला. आपल्या बोलण्यातला ठसठशीत 'र' टाकून द्यायला सांगणाऱ्यांवर त्यांनी थेट गाणंच केलं. त्याच वर्षी त्यांचं 'लेटर फ्रॉम अमेरिका' तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यात परदेशी निघून गेलेल्या स्कॉटिश माणसांच्या जोडीने कारखाने उठलेल्या गावांची नावं येतात. त्यातलं एक बाथगेट. ते लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

नव्वदच्या दशकाकडे भरभर पाहू. १९९०मध्ये ग्लासगोच्या सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवर 'किंग टट्स वाह वाह हट' सुरू झालं. जेमतेम ३०० माणसांची जागा. १९९३मध्ये तिथेच 'क्रिएशन' या लेबलच्या अ‍ॅलन मॅकगीने 'ओएसिस' या बँडला ऐकलं आणि करार देऊ केला. तिथल्या जिन्याच्या पायऱ्यांवर साल आणि त्या वर्षी वाजवून गेलेल्या बँडची नावं रंगवलेली आहेत, म्हणजे वर चढता चढता इतिहास पायाखालून जातो. १९९४मध्ये 'टी इन द पार्क' हा महोत्सव सुरू झाला. त्यात नवख्या बँडसाठी वेगळा मंच असे. १९९६मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजमधल्या संगीत-व्यवसायाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या लेबलने 'बेल अँड सबॅस्टियन'चा 'टायगरमिल्क' काढला, फक्त १,००० प्रती. २००४ उजाडलं तेव्हा 'फ्रान्झ फर्डिनंड' 'टेक मी आउट' घेऊन तिसऱ्या क्रमांकावर होते आणि त्याच वर्षी सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कारही त्यांनी नेला. मात्र त्यांचं वळण ग्लासगोच्या कला महाविद्यालयाचं, कडक इस्त्रीचं. ड्रायबर्गला ते लांबचंच.

आता लंडनची घाई. 'द लिबर्टीन्स' या लंडनच्या बँडच्या यशानंतर प्रत्येक कंपनीला कोवळी, बेशिस्त, गिटार वाजवणारी पोरं हवी होती. जानेवारी २००६मध्ये शेफिल्डच्या 'आर्क्टिक मंकीज'चा पहिला अल्बम एका आठवड्यात साडेतीन लाखांहून जास्त खपला आणि ही भूक आणखी वाढली. लिबर्टीन्समधून बाहेर पडलेला पीट डोहर्टी आपला 'बेबीशॅम्बल्स' घेऊन डंडीत कार्यक्रमाला आला असताना द व्ह्यूच्या पोरांनी त्याला गाठलं, आपला डेमो पुढे केला आणि आधी वाजवायची संधी मागितली. ती मिळाली. डोहर्टीच्या ओळखीतून त्यांचं नाव जेम्स एंडिकॉटपर्यंत गेलं. लिबर्टीन्सना रफ ट्रेड या लेबलवर करारबद्ध करणारा माणूस तो हाच. त्याने सोनी बीएमजीच्या पाठबळावर '१९६५ रेकॉर्ड्स' नावाचं नवं लेबल काढलं होतं. धाडस पोरांचं होतंच, पण दार ठोठावलं तेव्हा आत कुणीतरी वाट पाहत बसलेलं होतं.

अल्बमचा निर्माता ओवेन मॉरिस, ओएसिसच्या गाजलेल्या अल्बमवर काम केलेला. पुढचा क्रम वेगवान आहे. ऑगस्ट २००६मध्ये 'वेस्टेड लिटल डीजेज' १५व्या, ऑक्टोबरमध्ये 'सुपरस्टार ट्रेड्समन' १४व्या आणि जानेवारीत 'सेम जीन्स' तिसऱ्या क्रमांकावर. चार दिवस तीच जीन्स घालून हिंडणाऱ्या पोराचं हे गाणं फॉकनर डंडीच्या बोलीत, शब्द गिळत गातो. इंग्लंडमधल्या श्रोत्यांनाही त्यातले काही शब्द पकडता आले नसतील, पण कोरस सगळ्यांना येत होता. कार्यक्रम सुरू होण्याआधीच गर्दी 'द व्ह्यू आर ऑन फायर' असा फुटबॉलच्या स्टँडमधला असावा तसा घोष धरायची.

पहिल्या क्रमांकामागे थोडा व्यापारी हिशोबही होता. ख्रिसमस संपला की ब्रिटनमध्ये रेकॉर्डविक्री मंदावते, मोठे कलाकार थांबतात आणि नव्या नावाला यादीच्या माथ्यावर जायला वाट मोकळी होते. आर्क्टिक मंकीज आणि द व्ह्यू, दोघांचेही पहिले अल्बम जानेवारीतच आले. गाणी भिकार असती तर जानेवारीने काही तारलं नसतं, हे मात्र खरं.

त्या वर्षी मर्क्युरीच्या नामांकन यादीत द व्ह्यूचं नाव आलं, पुरस्कार 'क्लॅक्सन्स'ला गेला. २००९चा दुसरा अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. पण तोवर हवा फिरली होती. दर आठवड्याला उगवणाऱ्या एकसारख्या गिटार बँडना समीक्षक 'लँडफिल इंडी', म्हणजे कचरा डेपोतलं इंडी, म्हणून हिणवू लागले, आणि त्या कचऱ्यात ओलं-सुकं वेगळं करायची तसदी फार थोड्यांनी घेतली. २००८मध्ये ग्लासगोचा 'ग्लासवेगास' पहिल्याच अल्बमसह शिखराजवळ पोचला, पण नेमका 'मेटॅलिका' आडवा आला आणि दुसऱ्या क्रमांकावर थांबावं लागलं. २०१५नंतर द व्ह्यूचा पुढचा अल्बम यायला २०२३ उजाडलं.

त्यांच्यानंतर पदार्पणातच पहिला क्रमांक गाठणारा स्कॉटिश बँड यायला १४ वर्षं लागली. तो 'द स्नट्स', वेस्ट लोथियन परगण्यातल्या व्हिटबर्न गावचा. व्हिटबर्नची पोलकेमेट कोळसा खाण १९८४च्या संपात पाण्याखाली गेली ती पुन्हा सुरू झालीच नाही. शेजारचं गाव बाथगेट. तिथला ट्रकचा कारखाना १९८६मध्ये उठला. गायक लुइस कपाल्डी याच बाथगेटमध्ये वाढला, आणि गायिका सुझन बॉयलचं ब्लॅकबर्न या दोन गावांच्या मधे आहे. काही मैलांच्या पट्ट्यातून तीन नावं, तिघांचाही पहिला अल्बम पहिल्या क्रमांकावर. याचं कारण मातीत शोधण्यात अर्थ नाही, पण योगायोग गमतीचा आहे.

स्नट्सचा 'डब्ल्यू. एल.' एप्रिल २०२१मध्ये आला तेव्हा महामारीमुळे सगळे हॉल बंद होते. २००७मध्ये माणसं दुकानात जाऊन सीडी घेत. २०२१मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांनी गाणी १,००० वेळा वाजवली की एक अल्बम खपला असं धरलं जात होतं. या हिशोबात जागतिक पॉप तारकेशी टक्कर द्यायची तर चाहत्यांनी प्रत्यक्ष रेकॉर्ड विकत घेणं भाग होतं. समोर डेमी लोवाटो होती. चाहत्यांनी रेकॉर्ड घेतल्या, आणि व्हिटबर्नची पोरं तिच्या पुढे गेली.

हा अल्बम पार्लोफोनने काढला होता. ऑरेंज ज्यूसच्या वेळेपासून रुळलेली वाट अशी की आधी घरचं लेबल आणि नाव झालं की मोठी कंपनी. स्नट्स उलटे गेले. दोन अल्बम झाल्यावर त्यांनी पार्लोफोन सोडलं, २०२३मध्ये 'हॅपी आर्टिस्ट रेकॉर्ड्स' हे स्वतःचं लेबल काढलं आणि २०२४च्या फेब्रुवारीत 'मिलेनियल्स' हा तिसरा अल्बम त्यावरच आणला.