प्रोफॉरेस्टेशन

उभे जंगल न तोडता, विरळणीही न करता त्याच्या पूर्ण वयापर्यंत वाढू देणे आणि हवेतला कार्बन त्याच्याच अंगात साठू देणे, या हवामान-उपायाला प्रोफॉरेस्टेशन म्हणतात. विल्यम मूमॉ, सुझन मसिनो आणि एडवर्ड फेसन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१९ मध्ये ही संज्ञा मांडली. आपल्याकडची ‘कुऱ्हाडबंदी’ तिच्या बरीच जवळ जाते, फक्त तिचा हेतू पाणी आणि चारा हा होता.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. रोप उंचीने भराभर वाढते, पण वर्षाकाठी त्याच्या अंगावर चढणारे लाकूड मूठभरच. थोराड झाडाचे नवे वलय नखाएवढ्या जाडीचे असले तरी ते बुंध्यापासून फांद्यांपर्यंत चढते आणि वजनात रोपाला कितीतरी पट भारी पडते. ४०३ जातींच्या झाडांवरील २०१४ च्या अभ्यासात बहुतेक जातींमध्ये हेच दिसले. शिवाय पडलेली खोडे आणि पालापाचोळ्याची माती यांतही कार्बन राहतो. वृक्षारोपणाच्या फोटोंत हा हिशेब सहसा येत नाही.

न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक हा डोंगराळ वनप्रदेश याचे जुने उदाहरण. बेसुमार तोडीने नद्या-कालव्यांचे पाणी आटेल, या धास्तीने १८८५ मध्ये तिथे वनराखीव झाले. १८९४ मध्ये तर या सरकारी वनजमिनी कायम रानच राहतील आणि तिथले लाकूड विकले वा तोडले जाणार नाही, असे कलम राज्यघटनेतच घातले गेले. कार्बनचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

सह्याद्रीतील देवराया राखल्या त्या देवाच्या धाकाने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. कडक नियमाच्या राईत वाळकी काडीही चुलीसाठी उचलत नाहीत. उन्मळलेले झाड जागीच कुजते, त्यावर अळंबी उगवते आणि गारंबीचा मांडीएवढा वेल शेजारच्या झाडावर तसाच लोंबत राहतो. मात्र अलीकडे काही ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईलाच कुऱ्हाड लागली आहे.

या उपायाने कोळसा आणि तेल जाळण्याची भरपाई होत नाही. वणव्यात साठा एका हंगामात हवेत जाऊ शकतो, आणि लाकडाची मागणी तशीच राहिली तर तोड दुसऱ्या रानात सरकते. गवताळ माळरानांना तर ही पद्धत लागूच नाही. तिथला कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो.