कराराची उपासना

कराराची उपासना ही मेथडिस्ट, म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उगम पावलेल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील वार्षिक सामुदायिक उपासना. मंडळीतील प्रत्येक जण या दिवशी स्वतःला पुन्हा एकदा संपूर्णपणे देवाच्या हवाली करतो आणि तसे सगळ्यांच्या देखत बोलून दाखवतो. बहुतेक ठिकाणी ती नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होते व प्रभुभोजनाने, म्हणजे भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीने संपते. देवाला सर्वस्व वाहण्याची शिकवण ख्रिस्ती धर्माच्या सर्वच शाखांत आहे. पण मठातली शपथ संसार सोडलेल्यांपुरती असते. ही उपासना मात्र संसारात राहिलेल्यांसाठी घडली, आणि तिचे वेगळेपण त्यातच आहे.

तिचा बायबलातला आधार दुहेरी आहे. परमेश्वरावर संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने व संपूर्ण शक्तीने प्रीती करण्याची आज्ञा अनुवाद ६:५ मध्ये आहे आणि मार्क १२:३० मध्ये येशू तिलाच सर्वांत मोठी आज्ञा म्हणतो. दुसरा आधार इस्राएली लोकांनी वेळोवेळी नव्याने केलेल्या करारांचा. इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने शखेम या ठिकाणी लोकांकडून असा करार करवून घेतला. नहेम्याच्या काळात तर पुढाऱ्यांनी लेखावर मोहोरा उठवल्या. सर्वांत जवळचा दाखला २ इतिहास १५ मधला. आसा राजाच्या वेळी यहूदाच्या लोकांनी जिवेभावे देवाला शरण जाण्याचा करार केला. मात्र जो शरण जाणार नाही त्याला जिवे मारावे, असेही तिथे पुढच्याच वचनात ठरले आहे. मनापासूनच्या भक्तीला मृत्युदंडाचा धाक घालणे आजच्या वाचकाला खटकणारच.

या उपासनेचा जनक मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१). अर्धवट ख्रिस्तीपण हा त्याच्या डोक्यातला जुना विषय. चर्चला नियमित जाणारा, सभ्य, दानधर्म करणारा माणूसही ‘जवळजवळ ख्रिस्ती’च राहू शकतो, असे प्रवचन त्याने १७४१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात विद्वानांपुढे केले होते. १७४७ च्या नाताळात त्याने आपल्या अनुयायांना देवाशी असलेला करार नव्याने करण्याचा आग्रह धरला. तरी रीतसर उपासना व्हायला १७५५ चा ऑगस्ट उजाडला. ६ ऑगस्टला त्याने लंडनमध्ये हा विचार लोकांपुढे मांडला, पुढचे काही दिवस सकाळी तो उलगडून सांगितला, शुक्रवारी अनेकांनी उपास केला. सोमवार, ११ ऑगस्टच्या संध्याकाळी सहा वाजता स्पिटलफील्ड्स भागातल्या फ्रेंच चर्चमध्ये लोक जमले. कराराचा मजकूर वाचून झाल्यावर संमतीची खूण म्हणून सगळे उठून उभे राहिले. वेस्लीच्या रोजनिशीत उभे राहिलेल्यांचा आकडा सुमारे १,८०० असा आहे, आणि अशी रात्र आपण क्वचितच पाहिली, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

मजकूर त्याचा स्वतःचा नव्हता. रिचर्ड ॲलिन या प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हव्या असणाऱ्या गटातल्या पाळकाच्या लिखाणातून त्याने तो घेतला. राजमान्य प्रार्थनापुस्तक स्वीकारायला नकार दिलेल्या सुमारे दोन हजार पाळकांना १६६२ च्या आसपास इंग्लंडमध्ये पदे सोडावी लागली. ॲलिन त्यांतलाच एक. त्याचा जावई जोसेफ ॲलिन याने तर तुरुंगही भोगला. ‘तुला हवे तिथे मला ठेव’ हे करारातले शब्द अशा माणसांच्या घरातून आलेले आहेत, हे विसरले तर ते नुसते गोड वाटतात.

मूळ मजकूर बराच लांब आणि कडक आहे. भक्ताने आधी एकांतात वेळ घालवावा, पापांचा हिशेब घ्यावा, गुडघे टेकावेत. मग करार केवळ मनात न करता तोंडाने उच्चारावा, आणि तेवढ्यावर न थांबता कागदावर उतरवून खाली सही करावी. मोहाच्या वेळी तो कागद काढून बघायचा. ख्रिस्ताला पती म्हणून पत्करण्याचे, सुखदुःखात आणि गरिबी-श्रीमंतीत साथ देण्याचे इंग्लिश लग्नातले शब्दही त्यात आहेत. सोन्यारुप्याचे भांडे कर किंवा लाकडादगडाचे. डोळा, कान होण्याची लायकी नसेल तर कष्ट उपसणारा हात किंवा पाय कर, अशी विनवणी आहे.

नंतरच्या संक्षिप्त प्रार्थनेचा सांगाडा जोड्यांचा आहे. मी आता माझा नाही, तुझा आहे, या कबुलीने ती सुरू होते. मग काम दे किंवा दुःख सोसायला लाव, तुझ्यासाठी वापर किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव, उंच कर किंवा खाली आण, भरलेला ठेव किंवा रिता, सगळे असू दे किंवा काहीच नसू दे. यांत सर्वांत अवघड अट दुःखाची मानली जाते. प्रस्तुत लेखकाला मात्र ‘बाजूला ठेव’ ही अट अधिक कठीण वाटते. झिजायला तयार असलेली उत्साही माणसे पुष्कळ मिळतात. देवाच्या कामात आपली गरजच नाही, हे मान्य करणारी फार थोडी.

जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्ली याने १७६२ मध्ये या प्रसंगासाठी यिर्मया ५०:५ वर गीत रचले. ते आजही गायले जाते. १७८० मध्ये कराराचा मजकूर स्वतंत्र पुस्तिकेत छापला गेला. विसाव्या शतकात, विशेषतः १९३६ च्या ब्रिटिश प्रार्थनापुस्तकात, उपदेशाचा भाग कमी होऊन मंडळीच्या तोंडचा भाग वाढला.

भारतात अमेरिकन मेथडिस्टांचे काम १८५६ मध्ये बरेलीकडे सुरू झाले आणि १८७० च्या दशकात विल्यम टेलरच्या सभांमधून ते मुंबईत पोहोचले. ब्रिटिश मेथडिस्टांच्या दक्षिणेतल्या मंडळ्या १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात विलीन झाल्या आणि ही उपासना त्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातही आली. मराठी ख्रिस्ती लोकांना ३१ डिसेंबरची जागरण-उपासना अधिक ओळखीची. तिचा प्रसारही मुख्यतः मेथडिस्टांनीच केला.

वेस्लीने बोट ठेवलेली ‘जवळजवळ ख्रिस्ती’ राहण्याची उणीव मराठी मुलखात सर्वांत नेमकी सांगितली ती पंडिता रमाबाईंनी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी लिहिले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मिनी ॲब्रम्स या मेथडिस्ट मिशनरीच होत्या.

कराराच्या प्रार्थनेवर आक्षेपही आहेत. दरवर्षी म्हटलेली शपथ पाठांतर होते, हा एक. दुसरा अधिक गंभीर आहे: ज्यांच्यावर आधीच दुःख लादलेले आहे, अशांच्या तोंडी ‘मला सोसायला लाव’ घालणे म्हणजे अन्यायाला देवाची मोहोर लावणे ठरू शकते. ब्रिटिश मेथडिस्ट चर्चने १९९९ च्या उपासनापुस्तकात जुन्या प्रार्थनेसोबत एक पर्यायी रूप दिले. त्यात देव दुःख देतो असा सूर नाही. जे वाट्याला येईल ते सोसताना, अस्वस्थ असताना आणि शांत असताना, हाताला काम असताना आणि नसतानाही तुझीच इच्छा होवो, असे मागणे आहे. कोणते रूप वापरायचे ते मंडळीवर सोडलेले आहे.